एकास एकशे साठ

प्रिय वर्षा,

त्या दिवशी नळाला पाणी अर्धा तास आधीच आलं होतं, त्यामुळे सगळं सावकाश आवरता आलं. दोन्ही पिंपं भरली, हंडा भरला, तुझ्या शाळेची ओढणी धुऊन जिन्याच्या कठड्यावर वाळत टाकली. पप्पांच्या डब्यासाठी चार भाकरी थापल्या, ठेचा कुटला. पप्पा ओट्यावर बसून चपला घालत होते. एक चप्पल घातली आणि थांबले. मी आतून बघत होते. दुसरी चप्पल समोरच पडलेली, आणि ते एक पाय अनवाणी ठेवून तसेच बसून राहिले. कमरेवर हात. हाताच्या रेघांमध्ये साड्या रंगवायच्या मिलमधल्या आदल्या पाळीचा निळा रंग. मी म्हटलं, आज मिल राहू द्या. तर म्हणाले, "मुकादम माले काय घरजवाई समजस का?" मग हसले, दुसरी चप्पल घातली आणि गेले. मी भांडी घासली, आदल्या दिवशी आलेल्या गठ्ठ्यातल्या वीस साड्यांचे लोंबते धागे कापले, आणि दहा वाजता पदराला हात पुसून कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये त्यांचा रिपोर्ट आणायला गेले.

ही सकाळ मी तुला कधी सांगितलेली नाही. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं असं मीच ठरवून टाकलं होतं.

गेल्या शुक्रवारी तू फोनवर जे बोललीस, त्याला उत्तर द्यायला हे पत्र लिहिते आहे. फोनवर मला जमणार नाही. मी एक वाक्य बोलले की तू "मम्मी, तुला नाही कळत" म्हणतेस, मग मी गप्प होते, मग दोघी हवापाण्याचं बोलतो. पोस्टाने जर्मनीला पत्र जायला पंधरा दिवस लागतील आणि तुझी ती औषधाची नळी गुरुवारी घालणार आहेत, म्हणून शेजारची स्वाती पानांचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. तिला मी सांगितलं आहे की वाचू नकोस. वाचलं तरी चालेल. आता लपवण्यासारखं माझ्यापाशी फार उरलेलं नाही.

तुझ्या दुखण्याचं मी पहिल्यापासून मांडते, म्हणजे चुकलं असेल तर तू सांग. दोन वर्षांपूर्वी तू मैत्रिणींबरोबर रानात फिरायला गेलीस, मांडीला गोचीड चिकटली. मला तेव्हा हसू आलं होतं. आपल्या गावी बैलांच्या कानातून लहानपणी मी मूठभर गोचिड्या काढल्या आहेत, आणि माझी पोर जर्मनीला जाऊन गोचिडीला घाबरते. मग मांडीवर लाल कडं उठलं, ताप आला, लाइम नावाचा आजार आहे असं कळलं. तीन आठवडे गोळ्या घेतल्यास. कडं गेलं, ताप गेला. थकवा गेला नाही, गुडघ्यांचं दुखणं गेलं नाही, आणि वाचलेलं लक्षात राहत नाही असं तू सांगितलंस तेव्हा माझं हसणं बंद झालं. रंगांच्या कंपनीत दिवसभर उभं राहून काम करणारी तू, आता जिना चढताना मध्ये बसतेस. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की जंतूंवरचा इलाज पूर्ण झाला आहे, रक्ततपासणी अजून पॉझिटिव्ह येते ती येतच राहील, तिच्यावरून काही ठरत नाही. तुला ते आवडलं नाही. मग तू त्या दुसऱ्या गावच्या खाजगी क्लिनिकमध्ये गेलीस. त्यांनी रक्तातल्या पेशींना जंतूचे तुकडे दाखवून त्या किती खवळतात ते मोजलं आणि सांगितलं की जंतू आत लपून बसला आहे. आता गळ्याखालून शिरेत नळी घालून तीन महिने औषध देणार.

तू पाठवलेले कागद मी वाचले. फोनवर फोटो मोठा करून, एकेक शब्दाचा अर्थ शोधत, चार दिवस. तुला माहीत आहे, चौथीनंतर मला कोणी शिकवलं नाही. धागे कापायला येणाऱ्या साड्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या असायच्या, त्या कागदांवर मी वाचायला शिकले. मग तुझी पुस्तकं वाचली, मग वाचनालय. पांडेसऱ्याच्या आपल्या गल्लीत मला बायका रिपोर्ट वाचायला आणून देत. संध्याकाळी ओट्यावर तीन-चार पाकिटं तरी यायची. सुंदराताई, जरा बघा हो, काय निघालं. मी ठळक छापलेल्या आकड्याखाली लाल पेनने रेघ मारायचे आणि सांगायचे, हे वाढलंय, हे कमी झालंय, डॉक्टरला दाखवा. पप्पा मला डाकतरीनबाई म्हणायचे. चेष्टा करायचे, पण मित्रांना सांगताना छाती पुढे काढायचे. मला त्याचा गर्व होता, वर्षा. फार गर्व होता.

त्या दिवशी मी जो रिपोर्ट आणला तो विडालचा होता. टायफॉइडची तपासणी. लॅबवाले भूपेंद्रभाई पाकीट देतानाच म्हणाले, "सुंदराबेन, पॉझिटिव आव्युं छे." एकास एकशे साठ. मी ओट्यावर बसून त्या आकड्याखाली लाल रेघ मारली. पप्पा घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी विचारू लागले, "काय डाकतरीनबाई, काय निघनं मना रगतमा?" मी म्हटलं, टायफॉइड निघाला. ते म्हणाले, चला, काहीतरी निघालं. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सलाइनचे बाटले चढवले. ताप उतरला. दोन आठवड्यांनी संध्याकाळचा बारीक ताप परत यायला लागला, कंबर तशीच दुखत होती. मी डॉक्टरांना न विचारता त्यांना पुन्हा लॅबमध्ये नेलं. पुन्हा एकास एकशे साठ. मी म्हटलं, अजून आत आहे, पुरता गेलेला नाही.

असं आम्ही आठ महिन्यांत सहा वेळा केलं. सहाही कागद माझ्याकडे आहेत. प्रत्येक वेळी शेवटी पॉझिटिव्ह, प्रत्येक वेळी बाटले, प्रत्येक वेळी दोन-चार दिवस बरं. एकदा आधी आकडा ऐंशीच आला, म्हणजे टायफॉइड नाही. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मी घाबरले. टायफॉइड नसेल तर मग काय? मी दुसऱ्या दिवशी त्यांना उधन्याच्या लॅबमध्ये नेलं, तिथे पुन्हा एकशे साठ आला आणि माझा जीव भांड्यात पडला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याचा रिपोर्ट वाईट आला म्हणून मला बरं वाटलं.

त्याला कारण मुकादमही होता. तो म्हणायचा, उखा कामचोर आहे, कंबर धरून नाटक करतो. पप्पांना ते फार लागायचं. मिलमध्ये एकदा त्यांनी खिशातून रिपोर्ट काढून मुकादमाच्या समोर धरला. हे बघ, छापलेलं आहे. मुकादमाला वाचता येत होतं की नाही देव जाणे, पण लाल रेघ बघून तो गप्प बसला म्हणे. घरी येऊन पप्पांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

शुक्रवारी तू सांगितलंस की त्या क्लिनिकमधल्या डॉक्टरने आकडा दाखवून म्हटलं, तुम्ही खऱ्याच आजारी आहात. तेव्हा तुझ्या आवाजात मला तीच दोन जास्त भाकरी खाल्ल्यासारखी तरतरी ऐकू आली. दोन वर्षं कोणी मानत नव्हतं, एका कागदाने मानलं. मला ते कळतं. तुझ्याइतकंच कळतं.

आता पुढचं. त्या उन्हाळ्यात महापालिकेची एक बाई घरोघर फिरत होती. सडपातळ, उन्हाने रापलेली, खांद्याला पिशवी. घरात कोणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे का, संध्याकाळी ताप येतो का, वजन उतरलंय का. आजूबाजूच्या बायका आपापल्या ओट्यावर उभ्या होत्या. मी म्हटलं, खोकला नाही कोणाला. तिने आत डोकावून बघितलं, पप्पा खाटेवर कुशीवर पडले होते. तिने विचारलं, यांना काय होतंय. मी फाइल आणली. टायफॉइड आहे, हे बघा रिपोर्ट. ती कागद बघत राहिली आणि म्हणाली, ताई, तरी पण थुंकीची डबी ठेवून जाते, आणि एकदा छातीचा फोटो काढून घ्या. पिशवीतून ती पांढरी डबी तिने बाहेर काढली. सगळी गल्ली बघत होती. ती डबी ज्या घरात जाते त्या घराला गल्ली काय म्हणते, हे मला माहीत होतं. तू अकरावीत होतीस. उद्या तुझ्यासाठी कोणी विचारायला आलं असतं तर पहिली गोष्ट ती डबी सांगितली गेली असती. मी म्हटलं, बाई, मला रिपोर्ट वाचता येतात, तुम्ही जा. ती गेली. मी डबी घेतली नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी पप्पांचं डोकं दुखू लागलं. तुला ते दिवस आठवत असतील, खिडकीला चादर लावली होती, उजेड सहन होत नव्हता. मग एका दुपारी त्यांनी मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली. शेजारच्या काशिनाथभाऊंनी रिक्षा आणली आणि आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तुला मी चंचलमावशीकडे बारडोलीला पाठवलं, तुझा परीक्षेचा अभ्यास बुडू नये म्हणून. दवाखान्यात पप्पांच्या पाठीतून पाणी काढलं, मणक्याचा फोटो काढला. एक तरुण डॉक्टरीण होती. तिच्यापुढे मी माझी फाइल ठेवली, सहा रिपोर्ट, सहा लाल रेघा. तिने सगळे पाहिले. ओरडली नाही. पप्पांचा हात उचलून तिने मला त्यांची नखं दाखवली आणि विचारलं, हे मिलमध्ये कधी गेले होते शेवटचे? मी म्हटलं, तीन आठवडे झाले. ती म्हणाली, तरी नखं निळी आहेत ना. हात निळा दिसला म्हणून माणूस आत्ता रंगात हात घालून उभा आहे असं होतं का? हा आकडा तसाच आहे. कधीतरी टायफॉइडच्या जंतूशी गाठ पडली होती, त्याचा रंग राहिला आहे. या भागातल्या धडधाकट माणसांचाही असा येतो. आत्ता आत कोण आहे, हे तो सांगत नाही.

आत टीबी होता, वर्षा. मणक्यात होता, तिथून मेंदूपर्यंत गेला होता. औषध सुरू केलं त्याच्या तिसऱ्या दिवशी पप्पा गेले.

तू बारडोलीहून आलीस तेव्हा मी तुला सांगितलं, टायफॉइड बिघडला. सगळ्यांना तेच सांगितलं. गल्लीने मान हलवली, कारण गल्लीने रिपोर्ट पाहिले होते, मीच दाखवले होते. पुढच्या महिन्यात तुला छातीचा फोटो काढायला नेलं होतं ते आठवतं? कॉलेजच्या फॉर्मला लागतो असं मी म्हणाले होते. फॉर्मला लागत नव्हता. ती डबीवाली बाई परत आली होती, तिनेच आपल्या दोघींना नेलं. तुझा फोटो स्वच्छ निघाला. तिने मला एका शब्दाने टोचलं नाही. दारातून जाताना फक्त म्हणाली, ताई, जेवत जा. ती डबी मी घेतली असती तर पप्पा वाचले असते का, हे मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. अकरा वर्षं भांडी घासताना, धागे कापताना, तो प्रश्न माझ्या शेजारी बसलेला असतो. आता त्याची सवय झाली आहे.

तुझ्या दुखण्यात मी डाकतरीनबाई व्हायला बसलेली नाही. तुला काही झालेलं नाही असं मी म्हणत नाही, पुढेही म्हणणार नाही. पप्पांची कंबर खरी होती, ताप खरा होता, कागद मात्र दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होता. तुझे गुडघे खरे आहेत. मला फक्त त्या आकड्याची भीती वाटते. मी जे वाचलं त्यात असं होतं की लाइमच्या जंतूविरुद्ध रक्तात जे तयार होतं ते इलाजानंतर वर्षानुवर्षं राहू शकतं, म्हणून तुझी पहिली तपासणी अजून पॉझिटिव्ह येते. आणि पेशी खवळण्याच्या त्या दुसऱ्या तपासणीबद्दल मोठ्या दवाखान्यांतले बरेच डॉक्टर म्हणतात की जंतू आत्ता आत आहे की नाही हे तिच्यावरून ठरवू नये. मला चुकीचं कळलं असेल. म्हणून तू त्या क्लिनिकवाल्यांना दोन गोष्टी विचार. ज्याला काहीच दुखत नाही अशा माणसाचं रक्त तुमच्या तपासणीत कसं येतं? आणि इलाज पूर्ण झाल्यावर आकडा किती आला म्हणजे तुम्ही म्हणाल की जंतू गेला? मी भूपेंद्रभाईंना हे कधीच विचारलं नाही. सहा वेळा गेले, सहा वेळा फक्त आकडा विचारला. त्यांनी नीट उत्तर दिलं तर तुझी मर्जी. नाही दिलं, तर त्या मोठ्या दवाखान्यात परत जा. मला अजून दुखतंय, दुसरं काय असू शकतं ते शोधा, असं सांग आणि शोधेपर्यंत खुर्ची सोडू नकोस.

हे सगळं मी तुला आधीच सांगायला हवं होतं. शुक्रवारी तू सांगितलंस की त्या क्लिनिकच्या फॉर्मवर घरातल्यांच्या आजारांचा रकाना होता, आणि त्यात तू लिहिलंस की वडील, मृत्यू, टायफॉइड, आठ महिने औषध देऊनही जंतू शरीरातून गेला नाही. आणि तू म्हणालीस, "मम्मी, आपल्या घराण्यातच असं आहे. पप्पांच्या अंगातही तो लपून बसला होता. त्यांना कोणी नळी घातली नाही म्हणून ते गेले, मी घालून घेणार." माझं खोटं तू इतकी वर्षं जपलंस आणि आता त्याच्या आधारावर गळ्याखाली नळी घालून घ्यायला निघाली आहेस. त्यासाठी हे पत्र लिहिलं. तो फॉर्म परत माग. टायफॉइड खोडून टाक आणि टीबी लिही. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही सांग, त्यांना हे कळायला हवं. आणि कोणी विचारलं की इतकी वर्षं दुसरं का सांगत होतीस, तर म्हण, मला माझ्या आईने तसं सांगितलं होतं.

या पानांच्या मागे दोन कागदांचे फोटो आहेत. एक पप्पांचा शेवटचा रिपोर्ट. दुसरा गेल्या शनिवारचा आहे. तू फोन ठेवलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी पाणी भरलं, दोन भाकरी केल्या, आणि आताच्या भेस्तानच्या घरून रिक्षाने पांडेसऱ्याच्या त्याच लॅबमध्ये गेले. भूपेंद्रभाईंचे केस पांढरे झाले आहेत, त्यांनी मला ओळखलं. "ताव आवे छे, सुंदराबेन?" मी म्हटलं, नाही, ताप नाही, काही दुखत नाही, विडाल करा. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग सुई घेतली. संध्याकाळपर्यंत मी तिथेच बाकावर बसले. आकडा एकास एकशे साठ आला. या वेळी त्याच्याखाली मी रेघ मारली नाही. पाकीट पिशवीत घातलं, रिक्षाने घरी आले, आणि सकाळची भाकरी होती ती खाल्ली.

तुझीच,
मम्मी